एकाच वेळी एचआयव्हीची लागण, तरी एकाचा आजार झपाट्याने वाढतो आणि दुसऱ्याचा वर्षानुवर्षं संथ. असं का?

सुरंगी_कणकवली

नमस्कार मंडळी. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रात, समुपदेशन करणाऱ्यांना आणि गावोगावच्या आशाताईंना हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. त्याचं नीट, शास्त्राला धरून उत्तर हवंय.

प्रश्न असा असतो. एकाच ट्रॉलरवरचे दोन खलाशी, दोघंही एकाच शिबिरात पॉझिटिव्ह निघाले. एकाला दोन वर्षांत टीबी, वजन उतरलेलं, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा रक्तातला आकडा) नव्वद. दुसरा अजून जाळी ओढतोय, सीडी४ सहाशेच्या वर. रोग एकच, मग हा फरक कशाचा? वाडीवर याची उत्तरं तयारच असतात. याचं रक्त चांगलं, त्याने दारू जास्त घेतली, याला गावठी औषध लागू पडलं, त्याला देव पावला नाही. आजारी पडलेल्याच्या घरच्यांना हे ऐकून घ्यावं लागतं, त्याचं फार वाईट वाटतं.

दुसरी अडचण त्या धडधाकट माणसाची. तो म्हणतो, "माका कायएक होणा नाय, मगे गोळ्यो कित्याक खावच्यो?" त्याला काय सांगायचं? आणि कोणाचा आजार किती वेगाने जाणार हे रिपोर्टवरून आधी कळतं का? कृपया आकड्यांसकट सांगा, म्हणजे प्रशिक्षणात वापरता येईल.

आंबोली_घाट

आधी प्रश्नातलीच एक गाठ सोडवू. "दोघंही एकाच शिबिरात पॉझिटिव्ह निघाले" म्हणजे दोघांची तपासणी एका दिवशी झाली, एवढंच. लागण कधी झाली ते त्यातून कळत नाही. अँटिबॉडीची चाचणी लागणीनंतर साधारण तीन आठवडे ते तीन महिन्यांत पॉझिटिव्ह येते आणि पुढे कायम तशीच राहते. दोन महिन्यांपूर्वी लागण झालेला आणि नऊ वर्षांपूर्वी झालेला, दोघांच्या पट्टीवर सारखीच रेघ उमटते. "दोन वर्षांत खलास झाला" असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्यातले कितीतरी जण प्रत्यक्षात सात-आठ वर्षं विषाणू अंगात घेऊन वावरलेले आणि उशिरा तपासलेले असतात. म्हणून प्रशिक्षणात पहिलं वाक्य हेच सांगा: तपासणीची तारीख ही लागणीची तारीख नव्हे.

एवढं बाजूला काढलं तरी उरलेला फरक खरा आहे आणि मोठा आहे. उपचार न घेता लागणीपासून एड्सपर्यंत जायला प्रौढ माणसाला सरासरी ८ ते १० वर्षं लागतात. साधारण दहातला एक जण दोन-तीन वर्षांतच तिथे पोचतो. शंभरातले पाचेक जण दहा वर्षांनंतरही उपचाराशिवाय सीडी४ पाचशेच्या वर राखून असतात. आणि शंभरात एकाहूनही कमी लोकांच्या रक्तात उपचाराशिवाय विषाणू सापडतच नाही, म्हणजे व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) मिलिलिटरमागे ५० प्रतींच्या खाली राहतो. यांना एलीट कंट्रोलर म्हणतात.

वेग कशावरून ठरतो? लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत विषाणू अक्षरशः उसळतो. मिलिलिटरमागे दहा लाख, कधी कोटीच्या घरात प्रती. त्या वेळी ताप, अंगावर पुरळ, घसादुखी, गाठी येऊ शकतात, आणि पावसाळ्यात तो ताप डेंग्यू किंवा लेप्टो समजून विसरला जातो. मग शरीराच्या मारक पेशी, ज्यांना सीडी८ म्हणतात, कामाला लागतात आणि विषाणू खाली येतो. सहाएक महिन्यांत तो एका पातळीवर स्थिरावतो. याला सेट पॉइंट म्हणतात. कुणाचा हजारावर स्थिरावतो, कुणाचा दोन लाखांवर. पुढचा बहुतेक इतिहास या आकड्यात लिहिलेला असतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासगटाचे निष्कर्ष १९९७ साली आले. व्हायरल लोड ५०० किंवा त्याखाली असलेल्यांपैकी सहा वर्षांत एड्सपर्यंत गेले सुमारे ५ टक्के. ३०,००० च्या वर असलेल्यांपैकी ८० टक्के. मधल्या पायऱ्यांवर मधले आकडे. इतका सरळ संबंध वैद्यकात क्वचितच दिसतो.

दर्यावर्दी माणसाला हे असं सांगता येईल. व्हायरल लोड म्हणजे होडीला पडलेलं भोक किती मोठं आहे ते, आणि सीडी४ म्हणजे होडीचा काठ पाण्याच्या अजून किती वर आहे ते. दोन होड्यांचे काठ आज सारखेच वर दिसले म्हणून दोन्ही एकाच वेळी बुडतील असं नाही.

आता सेट पॉइंट माणसागणिक वेगळा का? इथे तीन-चार गोष्टी एकत्र काम करतात.

सगळ्यात वजनदार गोष्ट एचएलए नावाची जनुकं. आपली प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे पृष्ठभागावर आणून दाखवते, आणि ते दाखवणारा हात म्हणजे एचएलए. आई-वडिलांकडून एकेक संच मिळतो. कोणता तुकडा दाखवला जाणार हे त्या हाताच्या खोबणीच्या आकारावर अवलंबून असतं. ज्यांच्याकडे एचएलए-बी ५७ किंवा बी २७ आहे त्यांच्या पेशी विषाणूच्या गॅग प्रथिनाचे असे तुकडे दाखवतात जे विषाणूला सहज बदलता येत नाहीत. बदलले तर त्याच्या कवचाची बांधणी बिघडते आणि त्याची वाढ मंदावते. मारक पेशींचा नेम नेमका त्याच्या नाजूक जागी लागतो. उलट बी ३५ च्या काही प्रकारांत नेम अशा ठिकाणी लागतो जिथून विषाणू एक अक्षर बदलून निसटतो, आणि आजार लवकर वाढतो. २०१० साली जगभरच्या कंट्रोलर रुग्णांची जनुकं तपासली तेव्हा फरक याच खोबणीतल्या मोजक्या जागांवर येऊन थांबला. आई-वडिलांकडून आलेले दोन्ही संच वेगवेगळे असतील तर जास्त तऱ्हेचे तुकडे दाखवता येतात. दोन्ही सारखे असतील तर आजाराचा वेग वाढतो हेही दिसलं आहे.

दुसरी गोष्ट सीसीआर५. विषाणूला पेशीत शिरायला सीडी४ या रेणूबरोबर आणखी एक कडी धरावी लागते, बहुधा सीसीआर५. या जनुकातले ३२ घटक गळालेले असतील तर ती कडी पृष्ठभागावर येतच नाही. हे १९९६ साली कळलं. उत्तर युरोपात सुमारे एक टक्का लोकांना दोन्हीकडून असं जनुक मिळतं आणि नेहमीच्या प्रकारच्या विषाणूची त्यांना सहसा लागणच होत नाही. एकाच बाजूने मिळालेल्यांचा आजार साधारण दोन वर्षांनी लांबतो. भारतीयांत हा बदल फारच दुर्मीळ आहे, त्यामुळे आपल्याकडच्या संथ रुग्णाचं कारण बहुधा हे नसतं. व्हॉट्सअॅपवर मात्र हेच फिरतं.

पण या माहीत असलेल्या सगळ्या जनुकांची बेरीज केली तरी माणसामाणसांतल्या व्हायरल लोडच्या फरकाचा साधारण चौथा हिस्साच उलगडतो. विषाणूची स्वतःची जात साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त हिस्सा उचलते. बाकीच्यात वय, इतर रोग आणि निव्वळ योगायोग.

वय साधं वाटतं, पण त्याचा परिणाम मोठा. परिणामकारक उपचार येण्याआधीच्या काळातल्या, युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी २००० साली एकत्र केल्या. लागणीच्या वेळी १५ ते २४ वयाचे असलेले निम्मे लोक साडेबारा वर्षांनंतरही जिवंत होते. ४५ ते ५४ वयात लागण झालेल्यांसाठी हाच काळ आठ वर्षांचाही भरत नव्हता. वयाबरोबर गळ्याखालची थायमस ग्रंथी आक्रसते आणि नव्या टी पेशी बनणं कमी होतं. बोटीवरच्या त्या दोघांत एक पंचविशीचा आणि एक पन्नाशीचा असेल तर अर्धं उत्तर तिथेच आहे.

आणि शेवटी, पेशी मरतात त्या सगळ्या विषाणूने थेट मारलेल्या नसतात. शरीर सतत पेटलेलं राहतं, तेच जास्त नडतं. लागणीच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणावर जातात, अस्तर झिरपायला लागतं, आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात उतरतात आणि प्रतिकारयंत्रणा कायम जागी राहते. जागी झालेली सीडी४ पेशीच विषाणूला सगळ्यात सोयीची. आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे माकडांच्या अंगात याच कुळातला विषाणू भरपूर असतो, पण त्यांचं शरीर असं पेटत नाही आणि त्यांना सहसा एड्स होत नाही. माणसात टीबी, मलेरिया, नागीण असा कोणताही आजार आला की ही आग भडकते आणि व्हायरल लोड काही काळ वर जातो. टीबी तर सीडी४ कितीही असताना होऊ शकतो. सुप्त टीबी असलेल्या निरोगी माणसाला आयुष्यभरात मिळून ५ ते १० टक्के धोका असतो. एचआयव्ही असलेल्याला उपचाराशिवाय जवळपास तेवढाच धोका दर वर्षी असतो. तुमच्या पहिल्या खलाशाला टीबी झाला म्हणून तो खालावला, आणि खालावत होता म्हणून टीबी झाला. दोन्ही खरं आहे.

या यादीत पाप-पुण्य कुठे नाही. दारूचा सगळ्यात मोठा फटका गोळ्या चुकण्यातून आणि यकृतावर बसतो. वेगातला मूळ फरक एचएलए, वय आणि विषाणूचा. घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

रातांबा

वर सगळं छान आलंय. लॅबच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण "वेग" म्हणून जे दिसतं त्यातला बराचसा कधीकधी नमुना गोळा करण्यातला घोळ असतो.

सीडी४ साठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी. खुणेपर्यंत भरायची, कमी रक्त घ्यायचं नाही, आणि लगेच आठ-दहा वेळा हळुवार उलटीपालटी करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात, अजिबात नाही हलवली तर बारीक गुठळी होते आणि यंत्र कमी आकडा देतं. हा नमुना १८ ते २५ अंशांत ठेवायचा, फ्रिजमध्ये नाही आणि बर्फावर तर नाहीच. आपल्याकडे होणारी चूक दोन टोकांची. मे महिन्यात नमुना एसटीच्या टपावर नाहीतर उभ्या गाडीत तापतो, आणि तो तापू नये म्हणून कुणीतरी थेट बर्फाच्या पिशवीला चिकटवून पाठवतं. थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक कापडात किंवा कागदात गुंडाळून नळ्यांपासून लांब ठेवायचा. शक्यतो ४८ तासांच्या आत चाचणी व्हायला हवी. त्यामुळे शुक्रवारी दुपारनंतर लांबच्या ग्रामीण रुग्णालयात सीडी४ चं रक्त घेऊ नये, शनिवार-रविवार वाटेत जातात.

आता आकडा वाचायचा कसा. निरोगी माणसाचा सीडी४ साधारण ५०० ते १५००. उपचार नसताना तो सरासरी वर्षाला ५० ते १०० ने घटतो. पण त्याच माणसाचा आकडा सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त येतो. ताप, स्टेरॉइड, गरोदरपण यांनी तो खाली जातो. म्हणून ३० टक्क्यांहून कमी फरक हा फरक धरायचाच नाही. ५२० चा ४१० झाला तर घट २१ टक्के, घाबरण्यासारखं काही नाही. ५२० चा ३०० झाला तर ४२ टक्के, चाचणी पुन्हा करा.

अशा वेळी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींत सीडी४ किती टक्के ते बघा, ती टक्केवारी जास्त स्थिर असते. समजा एकूण लिम्फोसाइट २००० आणि सीडी४ ५००, म्हणजे २५ टक्के. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप आला, लिम्फोसाइट १२०० वर आले आणि सीडी४ ३००. टक्केवारी २५ च. आजार पुढे गेलेला नाही, तापाने सगळ्याच पेशी कमी झाल्यात. ढोबळ हिशेब: १४ टक्क्यांच्या खाली म्हणजे सीडी४ दोनशेखाली असल्यासारखं, २९ च्या वर म्हणजे पाचशेच्या वर असल्यासारखं. आजारपण गेल्यावर साधारण चार आठवडे थांबून पुन्हा तपासणी करावी.

व्हायरल लोडमध्येही तसंच. तिथे तिपटीचा नियम लावा. १०,००० चे २०,००० झाले तर काही बदललं नाही. ४०,००० झाले तर बदललं.

एका बाबतीत मात्र आंबोली_घाट यांच्याशी थोडा मतभेद. सेट पॉइंटवरून वेग कळतो हे शास्त्र म्हणून ठीक, पण समुपदेशनात तो सांगू नये असं मला वाटतं. सरकारी कार्यक्रमात उपचाराआधीचा व्हायरल लोड नेमाने केला जात नाही, पहिला होतो तो गोळ्या सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी. मग कोणी बाहेरून पाच-सहा हजार रुपये घालून तो करून घेतो, आणि कमी आला की गोळ्या पुढे ढकलतो.

आंबोली_घाट

मान्य. तो मुद्दा कारण समजावण्यासाठीच होता. गोळ्या कधी सुरू करायच्या हे आता ना व्हायरल लोडवर ठरतं ना सीडी४ वर. सीडी४ मात्र सुरुवातीला हवाच, कारण तो २०० खाली असेल तर टीबी आणि क्रिप्टोकॉकस (मेंदूज्वर करणारी बुरशी) शोधावे लागतात. रिपोर्ट यायचा आहे म्हणून गोळ्या अडवून ठेवायच्या नाहीत, एवढं पाळावं.

सुरंगी_कणकवली

खूप आभार, टक्केवारीचं उदाहरण तर जसंच्या तसं वापरणार.

अजून दोन शंका. नवरा-बायकोत नवऱ्याकडूनच बायकोला विषाणू आला, तरी तो अंथरुणाला आणि ती ठणठणीत, असं दिसतं. "तिच्यात आलेला विषाणू अशक्त होता" असं लोक म्हणतात, त्यात तथ्य आहे का? आणि गोळ्या न घेता व्हायरल लोड शून्य असा रिपोर्ट कुणी आणला तर काय समजायचं?

देवबाग_खाडी

विषाणू अशक्त असू शकतो हे खरं आहे, पण नवरा-बायकोत फरक दिसण्याचं ते नेहमीचं कारण नाही.

अशक्त विषाणूचं गाजलेलं उदाहरण सिडनीचं. एका रक्तदात्याचं रक्त आठ जणांना दिलं गेलं होतं आणि त्या सगळ्यांचा आजार विलक्षण संथ राहिला. १९९५ साली कारण सापडलं: त्या विषाणूच्या नेफ जनुकाचा तुकडाच गळालेला होता. नेफ हे विषाणूचं लपण्याचं साधन, ते लागण झालेल्या पेशीवरचं एचएलए खाली ओढतं. तेच मोडल्यावर विषाणू उघडा पडला. पण याचा पुढचा भाग लोक सांगत नाहीत. बऱ्याच वर्षांनी त्यातल्याही काहींचे सीडी४ उतरायला लागले.

उलट टोक नेदरलँड्सचं. २०२२ साली तिथे व्हीबी नावाचा प्रकार नोंदवला गेला. त्यात व्हायरल लोड साडेतीन ते साडेपाच पट जास्त आणि सीडी४ घटण्याचा वेग दुप्पट. गोळ्यांना मात्र तो नेहमीसारखाच दबतो. युगांडात डी उपप्रकार ए पेक्षा वेगाने जातो. भारतात नव्वद टक्क्यांहून जास्त विषाणू सी उपप्रकाराचा आहे, रत्नागिरी असो की कोल्हापूर. त्यामुळे आपल्याकडच्या दोन रुग्णांतला फरक उपप्रकारावर ढकलता येत नाही.

एकाच माणसात विषाणू मध्येच वळण घेतो, तेही लक्षात ठेवा. सुरुवातीला तो सीसीआर५ ची कडी धरतो. पुढे काहींच्यात तो सीएक्ससीआर४ धरायला शिकतो, आणि मग ज्या पेशी आजवर वाचल्या होत्या त्याही सापडतात. त्यानंतर सीडी४ घसरगुंडीला लागतो. पाच-सात वर्षं स्थिर असलेला माणूस वर्षभरात कोसळतो त्यामागे हे एक कारण असतं. सी उपप्रकारात हे बी पेक्षा कमी वेळा घडतं, पण घडतं.

आता नवरा-बायको. एक, नवऱ्याला लागण बरीच आधी झालेली असते, म्हणजे तो आठव्या वर्षात आणि ती तिसऱ्या. दोन, दोघांचे एचएलए वेगळे. विषाणू नवऱ्याच्या शरीरात राहून त्याच्या एचएलएला चकवायला शिकलेला असतो. बायकोच्या अंगात आल्यावर ते चकवे कुचकामी ठरतात, वर त्यापायी आलेली कमजोरी असतेच. तेवढ्या अर्थाने लोकांचं म्हणणं बरोबर आहे. दोघांचे एचएलए बरेच जुळत असतील तर उलटं घडतं, विषाणू आधीच तयार होऊन येतो. तीन, बायकांचा व्हायरल लोड सुरुवातीला पुरुषांपेक्षा कमी असतो, पण आजार जवळपास तितक्याच वेगाने पुढे जातो. म्हणून बाईचा कमी आकडा पाहून निश्चिंत राहू नका.

गोळ्या न घेता व्हायरल लोड शून्य: एलीट कंट्रोलर हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. आधी विचारा की मुंबईत, पुण्यात किंवा गोव्यात दुसऱ्या नावाने गोळ्या चालू आहेत का. ओळखीचा कोणी भेटेल या भीतीने लांबचं केंद्र धरणारे पुष्कळ असतात. तसं विचारताना आवाजात आरोप नको, नाहीतर माणूस परत येत नाही. मग मूळ निदान खरं आहे का ते बघा. एकाच किटवर दिलेला खासगी रिपोर्ट पुरेसा नाही, वेगवेगळ्या तत्त्वांच्या तीन चाचण्या पॉझिटिव्ह यायला हव्यात. तिसरी शक्यता एचआयव्ही-२. हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, भारतात तुरळक, पण मुंबई-गोवा पट्ट्यातून त्याच्या नोंदी आहेत. त्याचा वेग फार मंद, कित्येकांना दशकं काही होत नाही. नेहमीची व्हायरल लोड चाचणी एचआयव्ही-१ मोजते, त्यामुळे इथे ती शून्यच दाखवणार आणि सीडी४ मात्र हळूहळू उतरत राहणार. नेव्हिरॅपिन आणि एफाविरेन्झ या एचआयव्हीच्या औषधांचा एचआयव्ही-२ वर उपयोग होत नाही. म्हणून रॅपिड किटवर २ ची रेघ उमटली तर संदर्भ प्रयोगशाळेत खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हे सगळं तपासून खरंच कंट्रोलर निघाला तरी काहींचा ताबा पुढे सुटतो, आणि सतत पेटलेल्या प्रतिकारयंत्रणेचा त्रास हृदयाला होतोच. त्यालाही गोळ्या द्याव्यात.

हर्णै_बंदर

"मगे गोळ्यो कित्याक" याचं उत्तर द्यायला स्टार्ट नावाचा अभ्यास वापरा. ३५ देशांतले ४,६८५ जण, सगळ्यांचे सीडी४ पाचशेच्या वर, म्हणजे अगदी तुमच्या धडधाकट खलाशासारखे. निम्म्यांना लगेच गोळ्या, निम्म्यांना सीडी४ ३५० पर्यंत उतरल्यावर. २०१५ साली निकाल आला: गंभीर आजार किंवा मृत्यू लगेच घेणाऱ्यांत ४२, थांबणाऱ्यांत ९६. म्हणून २०१७ पासून नॅकोचं, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचं, धोरण सरळ आहे, पॉझिटिव्ह म्हणजे गोळ्या, सीडी४ कितीही असो. शिवाय व्हायरल लोड दबलेला राहिला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. तरुण खलाशाला हा मुद्दा पहिल्यापेक्षा जास्त पटतो.

सध्याची गोळी टीएलडी: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. जेवणाआधी किंवा नंतर, कसंही चालतं, पण वेळ एकच ठेवा. बोटीवर घड्याळाच्या वेळेपेक्षा रोजच्या कामाला बांधलेली वेळ टिकते, उदाहरणार्थ रात्रीच्या जेवणाला. चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

काय बिघडतं ते नीट सांगा. खलाशी पित्तासाठी अँटासिड सर्रास घेतात. त्यातलं अॅल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही. टीएलडी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तेच, फक्त त्या जेवणासोबत टीएलडीबरोबर चालतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. टीबीच्या औषधातलं रिफॅम्पिसिन डोल्युटेग्राव्हिर लवकर संपवतं, म्हणून बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिर ५० ची एक जादा गोळी लागते, आणि टीबीचा उपचार संपल्यावरही दोन आठवडे ती चालू ठेवायची. ही जादा गोळी डिस्चार्जच्या गडबडीत सुटते, तेव्हा केंद्रावर आठवणीने विचारा.

गोळ्या मूळ बाटलीतच, आतल्या पुडीसकट ठेवायच्या. इंजिनाजवळच्या फळीवर नाही, बर्फाच्या पेटीतही नाही. आठवड्याची फेरी असली तरी महिन्याचा साठा सोबत असू द्या. वादळाचा बावटा लागला की बोट कुठल्या बंदरात किती दिवस अडकेल ते सांगता येत नाही. स्थिर रुग्णाला एका वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. मोसम सुरू होण्याआधीच केंद्राला तसं सांगून ठेवावं. चाकरमान्यांनी गणपतीला आणि शिमग्याला येताना उपचाराची पुस्तिका आणावी. गोळ्या संपल्या तर ती दाखवून इथल्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रातून तात्पुरता साठा घेता येतो.

आणि मधेच थांबवणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांत विषाणू परत वर येतो. सीडी४ चांगला आहे म्हणून विश्रांती द्यावी का, हे स्मार्ट नावाच्या अभ्यासात तपासलं होतं. थांबणाऱ्यांत आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त झाले, म्हणून २००६ साली तो आवरता घ्यावा लागला. कावीळ बी सोबत असेल तर टेनोफोव्हिर-लॅमिव्ह्युडिन तिलाही दाबत असतात, अचानक बंद केल्यावर यकृत बिघडू शकतं.

गावठी औषधाबद्दल. संथ रुग्णाने झाडपाला घेतला आणि बरा राहिला, तर तो त्याशिवायही तसाच राहणार होता. झपाट्याच्या रुग्णाने तोच घेतला आणि गेला, तर त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. गुळवेलीच्या काढ्यांनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत, तेव्हा "निदान अपाय तर नाही" हेही खरं नाही. नाचणी, कुळीथ, माशाचं कालवण याने वजन भरतं, ताकद येते, ते जरूर खावं. विषाणू त्याने थांबत नाही.

गोळ्या सुरू केल्यावरही सगळ्यांची चाल सारखी नसते, हे आधीच सांगून ठेवा. विषाणू बहुतेकांचा तीन महिन्यांत दबतो. सीडी४ पहिल्या वर्षात साधारण १०० ते १५० वाढतो, पण जो पन्नाशीत आणि ५० सीडी४ वर आला त्याचा वर्षानुवर्षं ३०० च्या खाली अडकू शकतो. व्हायरल लोड दबलेला असेल तर औषध बदलायचं कारण नाही. सीडी४ ३५० च्या वर जाऊन टिकेपर्यंत कोट्रायमॉक्साझोल (इतर जंतुसंसर्ग टाळणारं औषध) चालू ठेवायचं. टीबीची लक्षणं नसतील तर प्रतिबंधक उपचारही द्यायचा, आयसोनियाझिड ३०० मिलिग्रॅम सहा महिने, सोबत बी६. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत नवा ताप किंवा गाठ आली तर गोळ्यांना दोष देऊन बंद करू नका. प्रतिकारशक्ती परत येताना लपलेला टीबी उघडा पडतो. त्यासाठी केंद्रात या.

तांडेल किंवा बोटमालकाला हे कळवायचं का, असंही विचारतात. रुग्णाच्या संमतीशिवाय कळवायचं नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं त्यात बेकायदा आहे. फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक द्या.

सुरंगी_कणकवली

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. लहान बाळांचा वेग प्रौढांसारखाच धरायचा का?

आंबोली_घाट

अजिबात नाही. आईकडून लागण झालेल्या बाळाची प्रतिकारयंत्रणा कच्ची असते, व्हायरल लोड लाखांत जातो आणि लवकर खाली येत नाही. उपचार नसेल तर साधारण निम्मी बाळं दोन वर्षांची होण्याआधी दगावतात. दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात लगेच गोळ्या दिल्याने मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले, हे २००८ साली दिसलं. आईच्या अँटिबॉडी बाळात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे साधी रॅपिड चाचणी पॉझिटिव्ह आली तर तिचा अर्थ लागत नाही. सहाव्या आठवड्यात, पहिल्या लसींच्याच वेळी, टाचेतून वाळक्या रक्ताचा नमुना घेऊन पीसीआरला, म्हणजे थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीला, पाठवायचा. बाळाचं प्रतिबंधक औषध तोवर चुकवायचं नाही. नमुन्याचं कार्ड सावलीत किमान चार तास सपाट वाळवायचं. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ते रात्रभर ठेवावं लागतं, आणि ओलसर कार्ड पाकिटात घातलं तर नमुना नाकारला जातो. मग बाळाचा महिना वाया जातो. वाळल्यावर आर्द्रता शोषणारी पुडी पाकिटात घालायला विसरू नका. पाच वर्षांखालच्या मुलांत सीडी४ चा आकडा मुळातच जास्त असतो, तिथे टक्केवारीच बघायची.